रंग भिंतीवर, उजेड चेहऱ्यावर



अमळनेरच्या एका घरात रोज सायंकाळी साडेसात वाजता हरिपाठ होतो. देवघरापुढे अप्पा आणि काकू बसतात, समोरच्या तिवईवर मोबाइल उभा असतो. धाकटा मुलगा सुरतेला, मोठा पुण्याला, नात परदेशी. गल्लीतून नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेली आणखी दोन-चार कुटुंबेही त्या वेळी मोबाइलवरच्या थेट प्रक्षेपणात सामील होतात. अप्पा आणि काकू ही नावे मी सोयीसाठी योजली आहेत, आणि हकीकत त्यांच्या संमतीनेच सांगत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला. आजोबांचा कार्यक्रम अंधारा दिसतो हे त्याच्या ध्यानात आले. त्याने मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी लावून दिली. हवा तो रंग दूरनियंत्रकावर निवडावा, हवा तेवढा मंद करावा. काकूंनी गुलाबी रंग पसंत केला. देवघर प्रसन्न दिसू लागले, पाहणारे वाढले, अप्पांचाही उत्साह वाढला.

महिन्याभराने सुरतेहून मुलाचा मला फोन आला. “डॉक्टरसाहेब, आई थकल्यासारखी बोलते. पण चेहरा तर छान दिसतो. एकदा व्हिडिओवर पाहता का?” मी त्याच सायंकाळी पाहिले. काकू हसतमुख होत्या, गालांवर लाली होती. दोन-चार प्रश्न विचारले, विश्रांती घ्यायला सांगितली आणि “चेहऱ्यावर तेज आहे, काळजीचे कारण दिसत नाही” असे बोलून मोकळा झालो.

आठ दिवसांनी काकू दवाखान्यात आल्या. तीन पायऱ्या चढताना त्यांना दोनदा थांबावे लागले. दाराशी, सकाळच्या उजेडात, मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. ती जवळजवळ पांढरी होती. हिमोग्लोबिन ६.४ निघाले. गुडघेदुखीसाठी त्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून घेत होत्या. त्यामुळे जठरात व्रण होऊन हळूहळू रक्तस्राव चालू होता. तीन आठवडे शौचाला काळी होत होती, ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. रक्त द्यावे लागले, दुर्बिणीतून तपासणी झाली, उपचार झाले. आज काकू ठीक आहेत.

मी तो प्रश्न विचारायला हवा होता. ती चूक माझीच, दिव्याची नव्हे. तथापि एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. दोन मुलगे, दोन सुना, नात आणि डॉक्टर इतकी माणसे त्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि त्याचा रंग उडाल्याचे एकालाही दिसले नाही. पुढे अप्पांनी मोबाइलवर साठवलेले जुने कार्यक्रम मला दाखविले. त्यांत अप्पांच्या डोक्यावरची पांढरीशुभ्र टोपीसुद्धा गुलाबी दिसत होती. टोपी गुलाबी दिसते हे ज्याच्या ध्यानात आले असते, त्याला गालांची लालीही उसनी आहे हे समजले असते.

म्हणून आजचा विषय भिंतीवरच्या रंगीत दिव्यांचा. ते लावू नयेत असे मी सांगणार नाही. ते कसे लावावेत, कुठे लावू नयेत आणि केव्हा बंद करावेत, एवढेच सांगावयाचे आहे.

कॅमेरा काय पाहतो

आपल्या खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत खिडक्या लहान आणि भिंती जाड. उन्हाळ्यात ही रचना सुखाची, परंतु कॅमेऱ्यापुढे ती अडचणीची ठरते. उजेड कमी पडला की चित्र दाणेदार आणि धूसर होते. मागे साधी भिंत असेल तर माणूस तिला चिकटल्यासारखा सपाट दिसतो. मागील भिंतीवर मंद रंगीत प्रकाश सोडला की माणूस आणि भिंत यांच्यात अंतर जाणवते, आकृती उठून दिसते. नातवाने केले ते या दृष्टीने योग्यच होते.

परंतु मोबाइलच्या कॅमेऱ्याला दोन सवयी आहेत. पहिली उजेडाची. चौकटीत एकंदर किती प्रकाश आहे याचा अंदाज घेऊन तो चित्र उजळ वा गडद करतो. मागची भिंत झगझगीत असेल तर तो सगळेच चित्र गडद करतो आणि पुढे बसलेल्याचा चेहरा काळवंडतो. दुसरी सवय रंगाची. पांढरे काय असावे याचा तो स्वतःच तर्क बांधतो. भिंत गडद निळी असली की चित्रात निळेपणा फार झाला असे समजून तो पिवळेपणा वाढवतो, आणि धडधाकट माणूस कावीळ झाल्यासारखा दिसू शकतो. रंगीत प्रकाश थेट चेहऱ्यावरच पडत असेल तर कॅमेऱ्याचा तर्क अधिकच चुकतो. काकूंच्या बाबतीत बाजूच्या भिंतीवरची पट्टी गालांवर प्रकाश टाकीत होती, आणि तीच लाली आम्ही सर्वांनी आरोग्याची समजलो.

आणखी एक गोष्ट. बहुतेक मोबाइलमध्ये चेहरा नितळ आणि उजळ करण्याची सोय असते, आणि पुष्कळदा ती आपल्या नकळत चालू असते. आईवडिलांची प्रकृती पाहण्यासाठी कॉल करीत असाल तर ती बंद करा.

रंग ही प्रकृतीची भाषा आहे

वैद्यकात रंग पाहणे ही तपासणीची पहिली पायरी. रक्त कमी झाले की फिकटपणा येतो, काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, शरीराला प्राणवायू कमी पडू लागला की ओठ आणि जीभ निळसर होतात. यांपैकी प्रत्येक खूण चुकीचा दिवा झाकू शकतो. तांबूस वा गुलाबी प्रकाशात फिकटपणा लपतो. पिवळ्या प्रकाशात सौम्य कावीळ दिसत नाही, म्हणून कावीळ दिवसाच्या उजेडात पाहावी असे आम्हांला विद्यार्थिदशेतच शिकविले गेले. निळ्या प्रकाशात ओठांचा निळेपणा कळत नाही. नवजात बाळाच्या काविळीवर निळ्या दिव्याखाली उपचार करतात, तेव्हा बाळाची कांती पाहायची तर आधी तो दिवा क्षणभर बंद करावा लागतो. रुग्णालयात पाळली जाणारी ही शिस्त घरातही पाळायला हरकत नसावी.

आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णावर फिकटपणा गालांवरून सहसा कळतही नाही. खालच्या पापणीचा आतला भाग, जीभ, तळहात आणि नखे या ठिकाणी तो दिसतो. दूर राहणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातून एकदा तरी आईवडिलांना खिडकीपाशी बसवून जीभ आणि तळहात दाखवायला सांगावे. त्याच वेळी चेहऱ्याजवळ पांढरा रुमाल किंवा कोरा कागद धरावा. अप्पांसारखी टोपी असेल तर वेगळा रुमालही नको. पांढरे पांढरेच दिसत असेल तर चेहऱ्याचा रंग बहुधा खरा. ते गुलाबी, पिवळे वा निळे दिसत असेल तर त्या चित्रावरून प्रकृतीविषयी काहीही ठरवू नये.

वयाचा डोळा

येथे घरातील तरुणांनी एक गोष्ट समजून घ्यावी. वयोमानानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील माणसाच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच असतो, आणि त्यातही निळा अधिक गाळला जातो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले. त्यानंतरच्या त्यांच्या अनेक चित्रांत तांबूस-तपकिरी रंगांचे प्राबल्य दिसते. १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना रंग पुन्हा निराळे दिसू लागले. आपल्याकडेही मोतीबिंदू काढल्यानंतर “सगळे निळसर दिसते” असे सांगणारे आजी-आजोबा अनेकांनी पाहिले असतील.

याचा अर्थ असा, की ज्येष्ठांनी स्वतःच्या नजरेने निवडलेला निळा रंग इतरांना फारच भडक वाटू शकतो, आणि नातवाने निवडलेला झगमगाट आजोबांच्या डोळ्यांना सोसवत नाही. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात उघड्या दिव्याचा प्रकाश विखुरतो आणि समोरचे धुरकट होते. म्हणून एक नियम ठेवावा: बसल्या जागेवरून दिव्याचा एकही ठिपका थेट दिसता कामा नये. पट्टी कपाटाच्या, फळीच्या किंवा चौकटीच्या मागे लपवावी. तिचे तोंड भिंतीकडे असावे, आणि दिसावा तो केवळ भिंतीवरचा उजेड.

मांडणी कशी करावी

आधी चेहऱ्याचा उजेड, मग भिंतीचा रंग. हा क्रम बदलू नये.

दिवसा कार्यक्रम असेल तर खिडकीकडे तोंड करून बसावे, पाठ करून नव्हे. सायंकाळी समोरून, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि किंचित बाजूला एक साधा पांढरा दिवा ठेवावा. त्याच्यापुढे पातळ पांढरा कपडा किंवा कागद असल्यास प्रकाश मऊ होतो. परंतु तो दिव्याला टेकू देऊ नये, वीतभर अंतर राखावे. चष्म्यात दिव्याचे प्रतिबिंब पडत असेल तर दिवा आणखी थोडा वर घ्यावा.

हा समोरचा दिवा पट्टीचाच वापरू नये. रंगीत पट्टीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. तिघे एकत्र पेटविले की पांढरा प्रकाश दिसतो, पण त्यात मधल्या छटा उणावलेल्या असतात, त्यामुळे त्वचेचा रंग खरा उमटत नाही. साधा पांढरा एलईडी दिवा यापेक्षा बरा. निळ्या एलईडीच्या ज्या शोधासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ सालचे नोबेल मिळाले, त्याच निळ्या दिव्यावर पिवळ्या द्रव्याचा थर देऊन हा पांढरा प्रकाश निर्माण केला जातो. आपल्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून आरंभ झालेल्या विप्रोपासून कितीतरी कंपन्या आज असे दिवे विकतात. खोका कुणाचाही असो, त्यावरचे दोन आकडे वाचावेत. एक केल्व्हिनचा: ३००० म्हणजे उबदार पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे थंड पांढरा. दुसरा सीआरआय, म्हणजे रंग किती खरा दाखवतो याचा निर्देशांक. तो शंभरापैकी असतो आणि ९० च्या वर असल्यास उत्तम.

आता भिंत. बसण्याची जागा भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घ्यावी, म्हणजे रंग अंगावर सांडत नाही. रंग एकच ठेवावा, आणि चेहऱ्यापेक्षा भिंत नेहमी मंद असावी. पांढऱ्या वा फिकट भिंतीवर रंग थोडक्या प्रकाशातही खुलतो. चकचकीत ऑइलपेंटच्या भिंतीवर मात्र दिव्याचे ठिपके आरशासारखे उमटतात. भगवा, अंबर किंवा फिकट हिरवा डोळ्यांना सुसह्य, गडद निळा आणि जांभळा त्रासदायक. चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नये. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मोबाइलमध्ये ५० हर्ट्झची निवड असल्यास ती करावी, नाही तर दिवा बदलावा.

समोरच्या उजेडाचा आणखी एक लाभ आहे. ज्यांना ऐकू कमी येते ते नकळत ओठांची हालचाल वाचत असतात. म्हणून पुण्याहून किंवा परदेशाहून बोलणाऱ्या मुलांनीही आपल्या तोंडावर उजेड घ्यावा. मागे जांभळा प्रकाश आणि चेहरा अंधारात, अशा थाटात बोलणाऱ्या नातवाचे शब्द आजीला निम्मेच कळतात, आणि “आजीला हल्ली काही समजत नाही” असा निष्कर्ष मात्र घरात काढला जातो.

दिवे केव्हा बंद करावेत

डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम पाहणे नसून शरीराला दिवस-रात्रीची जाणीव देणे हे आहे. त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, ही गोष्ट २००२ च्या सुमारास स्पष्ट झाली. निळसर प्रकाशाने त्या सर्वाधिक उत्तेजित होतात आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रोखले जाते. अप्पांनाही नेमकी हीच तक्रार होती. कार्यक्रम आठला संपे, पण निळी केलेली पट्टी अकरापर्यंत चालू राही आणि झोप एकला लागे. त्यांना गोळी द्यावी लागली नाही. कार्यक्रम संपताच पट्टी बंद, आणि सायंकाळी समोर ३००० केल्व्हिनचा दिवा, एवढ्यावर भागले. झोपण्यापूर्वीचे दोन तास मंद, पिवळसर उजेडाचे असावेत. रात्री उठण्यासाठी पायाशी, जमिनीलगत छोटा अंबर दिवा ठेवावा. त्याचा उपयोग सजावटीपेक्षा मोठा आहे.

ज्या घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आहेत, तेथे रंग बदलणारे वा सरकणारे दिवे अजिबात नकोत. सायंकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, आणि भिंतीवर हलणारा रंग त्यांना माणूस, पाणी किंवा आग भासू शकतो. लुकलुकणारी पद्धत तर कुणीच वापरू नये. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉन या व्यंगचित्रमालेत लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला, आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. काहींना झटके आले होते. ज्यांना फिट्स येतात किंवा अर्धशिशीचा त्रास आहे, त्यांनी विशेष जपावे.

आता घरातील तीन धोके. पहिला तारेचा: जाण्यायेण्याच्या वाटेवर तार नको. वीज गेली की अंधारात तीच पायात अडकते, आणि खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. दुसरा उष्णतेचा: वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पट्टीमागचा गोंद सैल होतो आणि पट्टी लोंबू लागते. समई-निरांजनाच्या जवळपास ती असता कामा नये, आणि तिचा अ‍ॅडॅप्टर गादी वा पडद्याखाली ठेवू नये. तिसरा धोका बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. दूरनियंत्रकात नाण्यासारखा चपटा सेल असतो. नातवंडाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये, वाट पाहू नये, ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. सेलच्या खणाला आजच चिकटपट्टी लावून टाका.

डॉक्टरांशी बोलताना

२५ मार्च २०२० रोजी आपल्या देशात दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यानंतर शासनाच्या ई-संजीवनीसारख्या सेवेतून किंवा थेट आपल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्यक्ष तपासणी हवी असे वाटल्यास डॉक्टरने तसे सांगावे, हे त्या तत्त्वांत आहेच. रुग्णाने आणि घरच्यांनी आपल्या बाजूने एवढे करावे: कॉल शक्यतो दिवसा घ्यावा, खिडकीकडे तोंड करून बसावे, रंगीत दिवे पूर्ण बंद ठेवावेत, चेहऱ्याजवळ पांढरा रुमाल धरावा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्या धरून, समोर ठेवाव्यात. शौचाचा रंग काळा असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगावे. दम लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, ओठ निळे पडणे यांपैकी काही असेल तर व्हिडिओ लावत बसू नये, सरळ रुग्णालयात जावे.

अप्पांच्या घरी हरिपाठ अजूनही साडेसातलाच होतो. पट्टी आता फक्त मागच्या भिंतीवर, कपाटाच्या आड आहे. रंग फिकट भगवा, समोर साधा दिवा. परवा मी सहज पाहिले. काकूंच्या गालांवर पूर्वीइतकी लाली नव्हती, पण अप्पांची टोपी पांढरी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सुरतेहून मुलाचा फोन आला, “डॉक्टरसाहेब, आईची जीभ काल थोडी फिकट वाटली, रक्त पुन्हा तपासायचे का?” तपासले. ११ होते. मुलाला म्हटले, “काळजी नको, पण असेच पाहत जा.”